हेक्झेनचा एलडी-५० जास्त आहे, म्हणून ते सुरक्षित का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते यंत्रांचे सुटे भाग पुसून स्वच्छ करायला दोन द्रावकं वापरतात, हेक्झेन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हेक्झेनच्या सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे रसायनाचे धोके सांगणाऱ्या माहितीपत्रकावर, एलडी-५० (निम्मे प्राणी मारणारी मात्रा; उंदीर, तोंडावाटे) किलोमागे सुमारे २५,००० मिलिग्रॅम दिला आहे, आयसोप्रोपिलच्या शीटवर सुमारे ५,०००. त्यांनी पहिला आकडा स्वतःच्या ६५ किलो वजनाने गुणला आणि उत्तर आलं १.६ किलो. मग हेक्झेन पाचपट सुरक्षित आहे आणि नुसत्या वाफेने काही व्हायचा प्रश्नच नाही, बरोबर ना, असं ते विचारतात. उरलेलं द्रावक ते सिंकमध्ये ओततात. आणि शेवटी जाता जाता लिहिलेली एक ओळ: गेले दोन महिने संध्याकाळी पायाच्या बोटांना मुंग्या येतात, बहुधा सतत बसून काम केल्यामुळे.

मी गेली पंचवीस वर्षं विषशास्त्रात काम करते आहे, त्यातली बरीचशी प्रयोगशाळेत आणि नंतरची डेटा शीट तपासण्यात. तुमचा गुणाकार बरोबर आहे. निष्कर्ष मात्र नेमका उलटा आहे. आणि तुमच्या सगळ्या प्रश्नात मला ती शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हणून कारणं सांगायच्या आधी एवढं सांगते: आजपासून हेक्झेनचा डबा बंद ठेवा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. भेटीत काय सांगायचं ते शेवटी लिहिलं आहे.

आता तो आकडा. एलडी-५० म्हणजे प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारणारी मात्रा. ही कल्पना १९२७ मध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या ब्रिटिश संशोधकाने मांडली. त्याच्यापुढचा प्रश्न ‘हे माणसाला सुरक्षित आहे का’ असा नव्हताच. त्या काळी डिजिटॅलिससारखी औषधं वनस्पतींपासून काढत आणि प्रत्येक खेपेची ताकद वेगळी निघे. या खेपेची ताकद मागच्या खेपेच्या किती पट आहे, हे ठरवायला त्याला एक खात्रीची मोजपट्टी हवी होती. मात्रा वाढवत नेली की मृत्यूचं प्रमाण आधी हळूहळू, मग झपाट्याने आणि शेवटी पुन्हा हळूहळू वाढतं. आलेखावर ती रेघ इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दिसते. तिच्या मधल्या, चढाच्या भागात मात्रा थोडी बदलली तरी परिणाम लगेच दिसतो, त्यामुळे मापनातली चूक तिथे सगळ्यात कमी असते. मधला बिंदू निवडला तो एवढ्यासाठीच. ५० टक्के हा आकडा गणिताच्या सोयीचा आहे, सुरक्षिततेशी त्याचा संबंध नाही.

ही चाचणी प्रत्यक्ष कशी चालते हे पाहिलं की तिची मर्यादा आपोआप कळते. उंदरांना रात्रभर उपाशी ठेवतात. सकाळी वजन करून, नळीने पोटात एकदाच मात्रा देतात. पहिला अर्धा तास पिंजऱ्यासमोरून हलायचं नाही. अंगावरचे केस उभे राहिलेत का, पाठीला कुबड आलंय का, श्वास कसा चाललाय, चालताना मागचे पाय घसटतात का, हे सगळं टिपायचं. मग चार तासांपर्यंत वरचेवर, नंतर रोज एकदा, असे चौदा दिवस. चौदाव्या दिवशी जे जिवंत असतात ते ‘वाचले’ या रकान्यात जातात. मी असे तक्ते वर्षानुवर्षं भरले आहेत. त्या रकान्यात गेलेला प्रत्येक उंदीर धडधाकट होता असं मी कधीच म्हणणार नाही. तेरा दिवस अंग आक्रसून कोपऱ्यात बसलेला उंदीरही ‘वाचले’मध्येच मोजला जातो. जुन्या पद्धतीत प्राणीही फार लागायचे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ती मूळ चाचणी २००२ मध्ये रद्द झाली. आताच्या पर्यायी पद्धतींत थोड्या प्राण्यांवर भागतं आणि त्यातल्या एकीत तर मृत्यूऐवजी विषबाधेच्या स्पष्ट लक्षणांवरच निर्णय घेतात. डेटा शीटवरचे बरेचसे आकडे मात्र जुन्या काळातलेच आहेत.

म्हणजे तुमच्या हातातला आकडा सांगतो एवढंच: एकदाच, तोंडावाटे, उंदराला दिलं तर दोन आठवड्यांत निम्मे मरायला किती लागेल. तुम्ही मात्र ते रोज घेता, नाकावाटे घेता, तुम्ही माणूस आहात, आणि तुम्हाला मरण टाळण्याबरोबरच हातपायही शाबूत हवे आहेत. एकेक फरक घेऊ.

विष शरीरात कोणत्या वाटेने जातं, यावरच निम्मं काही ठरतं. पारा घ्या. धातूरूप पारा गिळला तर आतड्यातून रक्तात जाणारा भाग एक टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो, बाकीचा तसाच बाहेर पडतो. त्याच पाऱ्याची वाफ श्वासावाटे गेली की सुमारे ८० टक्के शरीरात राहते आणि तिथून मेंदूपर्यंत पोचते. पदार्थ तोच, माणूस तोच, फक्त वाट बदलली. हेक्झेनच्या बाबतीत तोंडावाटेचा आकडासुद्धा दिशाभूल करतो. शीटच्या दुसऱ्या कलमात ‘एच ३०४’ हा संकेत दिसेल. गिळताना किंवा उलटी होताना थोडंसं हेक्झेन श्वासनलिकेत उतरलं तर ते जीवघेणं ठरू शकतं, असा त्याचा अर्थ. हेक्झेन इतकं पातळ असतं की फुप्फुसात क्षणात पसरतं आणि तिथे दाह होतो. त्यासाठी १.६ किलो लागत नाही, एक घोट पुरतो. म्हणूनच कोणी चुकून प्यायलं तर उलटी करवायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

प्राण्यांच्या जातीचा फरकही लहान नसतो. द्रावकांतलंच उदाहरण घ्या. मिथेनॉलचा उंदरातला एलडी-५० पाच हजारांच्या वर आहे, म्हणजे जवळपास तुमच्या आयसोप्रोपिलएवढाच. पण माणसाच्या शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं, ते साचतं आणि डोळ्यांच्या नसा मारतं. दहा मिलिलिटरच्या आसपास शुद्ध मिथेनॉल पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. उंदराचं यकृत ते आम्ल झटपट निकालात काढतं, आपलं काढू शकत नाही. केवळ उंदराच्या आकड्यावर विसंबणाऱ्याला मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल सारखेच वाटतील. डायऑक्सिन या अतिविषारी रसायनाच्या बाबतीत तर गिनीपिग आणि हॅमस्टर या दोन कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या मारक मात्रांमध्येच हजारपटीहून जास्त अंतर आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमच्या मुंग्यांचा संबंध इथे असू शकतो.

हेक्झेन स्वतः नसांचं फारसं काही बिघडवत नाही. यकृत त्याला बाहेर टाकण्याजोगं करायला जातं आणि त्या खटाटोपात २,५-हेक्झेनडायोन नावाचा पदार्थ तयार होतो. त्याच्या रेणूवर दोन ठिकाणी पकडीसारखे गट असतात, आणि त्यांच्यामधलं अंतर नेमकं असं की ते प्रथिनांतल्या लायसिन या घटकाला घट्ट चिकटतात. नसांच्या लांबलचक तंतूंत आतून आधार देणारे प्रथिनांचे धागे असतात. हे धागे पाठीच्या कण्याजवळच्या पेशीत बनतात आणि तिथून पायाच्या टोकाकडे सरकतात, तेही दिवसाला एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी वेगाने. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंतचं अंतर साधारण एक मीटर धरा. म्हणजे आज बनलेला धागा टोकाला पोचायला जवळपास तीन वर्षं लागतात. या प्रवासात रोज थोडं हेक्झेनडायोन मिळत गेलं तर धागे एकमेकांना चिकटत जातात, त्यांचा गुंता होतो, नसेला जागोजागी फुगवटे येतात आणि त्यापुढचा भाग हळूहळू झडतो. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांच्या, म्हणून सुरुवात तिथून होते. मग पावलं, मग हाताची बोटं. डॉक्टर याला मोजे-हातमोजे नमुना म्हणतात, कारण बधिरपणा नेमका तेवढ्याच भागात पसरतो.

रोजचं हेक्झेन शरीरातून तसं लवकर निघून जातं. साचत जातं ते नुकसान. एकाच मोठ्या मात्रेवर बेतलेल्या चौदा दिवसांच्या चाचणीत हे दिसणं शक्यच नाही. उंदरांना महिनोन् महिने वाफ दिली तर त्यांचेही मागचे पाय लुळे पडतात. म्हणजे इथे उंदीर खोटं बोलत नाही, आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. माणसांत हे कळलं ते किंमत मोजून. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरच्या घरी व्हिनाइलच्या चपला चिकटवणाऱ्या कामगारांना हातापायांचा असाच विकार झाला होता. त्यांच्या गोंदात हेक्झेन होतं आणि ते बंद खोल्यांत काम करत होते.

म्हणून मी एलडी-५० बाजूला ठेवते आणि कामाच्या जागेच्या हवेची मर्यादा पाहते. ती शीटच्या आठव्या कलमात असते. अमेरिकेतली नायॉश ही संस्था आठ-दहा तासांच्या कामासाठी हेक्झेनला ५० पीपीएम मर्यादा सुचवते, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग. आयसोप्रोपिलला ४००. तुमच्या हिशेबात हेक्झेन पाचपट सौम्य होतं, इथे ते आठपट कडक निघालं. काही शीटवर हेक्झेनसाठी ५०० हा आकडा सापडेल, तो ओशा या अमेरिकी सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेची जुनी कायदेशीर मर्यादा आहे. तो पाहून निश्चिंत होऊ नका, मी स्वतः ५० च धरते.

५० पीपीएम म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणू. १० मिलिलिटर हेक्झेन, म्हणजे दोन चहाचे चमचे, वजनाला ६.६ ग्रॅम भरतं. सगळं उडालं की त्याची सुमारे १.९ लिटर वाफ होते. साडेतीन मीटर लांब, तेवढीच रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत साधारण ३०,००० लिटर हवा असते. भागाकार केला की ६० च्या वर पीपीएम येतात. दारं-खिडक्या बंद असतील तर दोन चमचे उडाले की मर्यादा ओलांडली. आणि ही झाली खोलीभरची सरासरी. तुम्ही भागावर वाकून पुसता तेव्हा तुमच्या नाकाशी प्रमाण बरंच जास्त असतं. त्यात हेक्झेन आयसोप्रोपिलच्या जवळजवळ चौपट वेगाने उडतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा तिप्पट जड असते, त्यामुळे ती टेबलाच्या पातळीवर पसरून राहते. वासावर अजिबात विसंबू नका. नाक काही मिनिटांत सरावतं.

मग सुरक्षित मात्रा काढतात तरी कशी? रोज, अनेक महिने किंवा आयुष्यभर मात्रा देऊन, कोणताही अपाय दिसला नाही अशी सर्वांत मोठी मात्रा शोधतात. अन्नातल्या पदार्थांसाठी तिला सहसा १०० ने भागतात. दहा पट प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. ही रीत १९५४ मध्ये लेहमन आणि फिट्झह्यू यांनी मांडली. माणसामाणसांतला फरक ही काही कागदी गोष्ट नाही. गिळलेल्या शिशाचा जेवढा भाग प्रौढांच्या शरीरात राहतो, त्याच्या कितीतरी पट लहान मुलांच्या शरीरात राहतो. कामाच्या जागेच्या मर्यादा अशा सरसकट १०० ने भागून काढत नाहीत. तिथे शक्यतो कामगारांच्या तपासण्यांचा आधार घेतात, हेक्झेनच्या बाबतीतही तोच आहे. त्या मर्यादा निरोगी प्रौढ कामगार गृहीत धरतात. घरी मुलं असतील तर हे काम घरात करू नका, एवढं त्यातून घ्या.

सिंकबद्दल. पाण्यातल्या विषारीपणाची पहिली चाचणी डॅफ्नियावर होते. तीळभरही नसलेल्या या पाणपिसवांचं अंग इतकं पारदर्शक असतं की भिंगाखाली हृदयाची धडधड दिसते. चोवीस तासांच्या आत जन्मलेली पिल्लं घ्यायची, प्रत्येक तीव्रतेला किमान वीस, आणि ४८ तासांनी पाहायचं. भांडं हलकेच हलवायचं आणि पंधरा सेकंद थांबायचं. तेवढ्यात जी पोहत नाहीत ती निश्चल म्हणून मोजायची. आयसोप्रोपिलने त्यांना निश्चल करायला लिटरमागे हजारो मिलिग्रॅम लागतात, हेक्झेनचे काही मिलिग्रॅम पुरतात. तुमच्या शीटवरचा ‘एच ४११’ हाच इशारा देतो. शिवाय हेक्झेन शून्याखाली बावीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, ती ड्रेनेजमध्ये साठली तर स्फोट होऊ शकतो. उरलेलं दोन्ही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात जमवा आणि धोकादायक कचरा रीतसर घेणाऱ्यांकडे द्या. भिजलेली फडकीसुद्धा.

काही गोष्टी मला इथून ठरवता येत नाहीत. तुमच्या डब्यात एन-हेक्झेन किती टक्के आहे, हे पाहावं लागेल. बाजारातलं ‘हेक्झेन’ बहुतेकदा मिश्रण असतं. नसांवर परिणाम करणारा घटक एन-हेक्झेन आहे, त्याचे फाटे फुटलेले भाऊबंद तसे नाहीत. टक्केवारी तिसऱ्या कलमात असते. तुम्ही रोज किती तास काम करता, किती मिलिलिटर उडतं, हवा खेळती आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. आणखी एक गोष्ट जरूर तपासा: जोडीला अ‍ॅसिटोन किंवा मिथाइल इथाइल कीटोन वापरता का? ही दोन्ही एकटी असताना नसांना असा अपाय करत नाहीत, पण हेक्झेनबरोबर आली की त्याचा परिणाम वाढवतात. प्रत्येकाचा वेगळा एलडी-५० वाचून हे कधीच कळणार नाही.

पायांच्या मुंग्यांची इतरही कारणं असतात, आणि ती जास्त आढळतात: मधुमेह, बी-१२ ची कमतरता, कंबरेत नस दबणं, थायरॉइड, मद्य. तुम्हाला हेक्झेनचीच बाधा झाली आहे असं मी म्हणत नाही, म्हणूच शकत नाही. पण दोन्ही पायांना, बोटांपासून सुरू झालेल्या आणि हेक्झेनचं काम करताना आलेल्या मुंग्या मी तपासल्याशिवाय सोडणार नाही. एकाच पायाला येत असतील तर चित्र वेगळं. डॉक्टरांना आपणहून सांगा, “मी एन-हेक्झेन वापरतो, इतके महिने, रोज इतके तास,” आणि शीटची प्रत सोबत न्या. नाहीतर हा प्रश्न तिथे निघतच नाही आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन माणूस पुन्हा त्याच टेबलाशी जाऊन बसतो. मी हे होताना पाहिलं आहे आणि त्याचं मला आजही फार वाईट वाटतं, कारण गेलेले ते महिने परत मिळवता येत नाहीत. नसांच्या वहनाची चाचणी करता येते. लघवीत हेक्झेनडायोनही मोजता येतं, पण तो नमुना कामाच्या आठवड्याच्या शेवटी, त्या दिवसाचं काम संपताना घेतलेला असावा लागतो. तुम्ही आता काम थांबवणार असाल तर तो निर्दोष येईल, त्यावरून काही झालंच नाही असं समजू नका. आणि निदान हेक्झेनचंच निघालं तर आधीच सांगून ठेवते: काम थांबवल्यावरही काही आठवडे, कधी दोन-तीन महिने त्रास वाढत जातो. धागे आधीच गुंतलेले असतात. मग उतार पडतो, हळूहळू, पण बहुतेकांना पडतो. मधल्या काळात घाबरून जाऊ नका.

कामासाठी पर्याय: आयसोप्रोपिलने डाग निघत असेल तर तेच वापरा. तेलकट वंगणाला ते पुरत नाही, हे मला माहीत आहे, बहुधा म्हणूनच तुम्ही हेक्झेनकडे वळलात. तिथे एन-हेप्टेन चालून जातं. त्याच्यापासून शरीरात नसांना अपाय करणारा तसा पदार्थ नगण्य प्रमाणात बनतो. तेही अतिज्वालाग्राही आहे, वाफेने गुंगी आणतं आणि पाण्यातल्या जीवांना घातकच आहे, म्हणून हवा खेळती ठेवणं आणि सिंक टाळणं कायम. हातमोजे नायट्राइलचे घ्या, लॅटेक्समधून हेक्झेन आणि हेप्टेन आरपार जातात. कापडाचा किंवा धुळीचा मास्क वाफेपुढे निरुपयोगी आहे. पुसलेलं फडकं टेबलावर उघडं टाकू नका. खोलीभर पसरणाऱ्या वाफेचा मोठा हिस्सा तिथूनच येतो.

शीट पुन्हा उघडाल तेव्हा आधी दुसरं कलम वाचा. त्यात ‘एच ३७३’ किंवा ‘एच ३७२’ शोधा: वारंवार संपर्काने अवयवांना इजा. तुमच्या हेक्झेनवर यांपैकी एक असणार, आयसोप्रोपिलच्या शीटवर तो सहसा नसतो. मग तिसरं, मग आठवं. अकराव्या कलमातला एलडी-५० त्यानंतर.

तिसऱ्या कलमातली एन-हेक्झेनची टक्केवारी, खोलीची मापं आणि रोज किती मिलिलिटर संपतं एवढं कळवा. तुमच्या नाकाशी साधारण किती पीपीएम येत असतील, तो हिशेब मी करून देते. पण डॉक्टरांची भेट त्यासाठी थांबवू नका.